डोंगरापलीकडचं राष्ट्र

पावसाळ्यात पारसिकचा डोंगर ढग पांघरून पडलेला असतो, तेव्हा त्याच्या पाठीमागे एवढं राजकारण शिजलेलं असेल असं घणसोलीच्या गच्चीवरून मुळीच वाटत नाही. पण शिळफाट्याच्या अंगाला दहिसर, पिंपरी, नागाव, भंडार्ली, उत्तरशिव अशी चौदा गावं आहेत. नवी मुंबई महापालिका 1992 साली झाली, तिच्या हद्दीत ती होती. पुढे करांच्या धास्तीने गावकरी हटून बसले आणि 2007 मध्ये बाहेर पडले. मग काही वर्षांत पाणी, रस्ते, दवाखाने आठवू लागले आणि ‘आम्हाला परत घ्या’ सुरू झालं. पंगतीतून रागाने उठावं आणि मांडवाच्या दाराशीच जिलेबीचा वास यावा, तसं.

मला अशा वेळी 1949 चा ‘पासपोर्ट टू पिम्लिको’ हा इंग्रजी चित्रपट आठवतो. लंडनच्या एका मोहल्ल्यात युद्धातला न फुटलेला बॉम्ब फुटतो, खड्ड्यातून जुनी सनद निघते आणि कळतं, की हा भाग इंग्लंडचा नाहीच, बरगंडीचा आहे! लोक आनंदाने रेशनकार्डं फाडतात. सरकार हद्दीवर काटेरी तारा लावतं आणि पाणी तोडतं. रात्री चोरून नळी टाकून ही स्वतंत्र प्रजा बॉम्बचा खड्डा पाण्याने भरून घेते; तो ओसंडतो आणि अन्नाचं कोठार बुडतं. तारेपलीकडचे लंडनकर मग खाऊच्या पुड्या फेकतात. त्या पुड्या झेलणाऱ्यांकडे पाहताना हसू येतं खरं, पण घशात काहीतरी अडकतंही.

सनदीपेक्षा नळीच खरी, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. सांगलीच्या जत तालुक्यातल्या गावांनी कर्नाटकात जायचा ठराव केला, तोही भाषेच्या प्रेमापोटी कमी आणि पाण्यापायी जास्त. इकडे नवी मुंबईला तर स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण आहे. आम्ही पाहुण्यांना ते सोयरिकीतल्या शेतीसारखं सांगतो. डोंगरापलीकडच्यांनी ते ऐकून गप्प कसं बसावं?

2022 मध्ये परत घेण्याची घोषणा झाली, 2024 मध्ये निर्णयही निघाला. खर्च कुणी करायचा यावरून डोंगराच्या अलीकडे कुरकुर झाली, ती अजून पुरती थांबलेली नाही. एकदा शिळफाट्याजवळच्या टपरीवर पाऊस उघडायची वाट पाहत होतो. चहावाल्या काकांनी गाळणं आपटत मला सगळी भू-राजनीती सांगितली. भंडार्लीत ठाण्याचा कचरा आणून टाकला, तो त्यांच्या मनातून गेला नव्हता.

“म्युन्शिपाल्टीत असलो की घरपट्टी येते, नसलो की कचरा येतो,” ते म्हणाले.

“आता आलात ना आत? अभिनंदन, काका.”

त्यांनी कप माझ्या हातात ठेवला, आजूबाजूला पाहिलं, आणि हेराच्या आवाजात विचारलं, “तुमी तिकडचेच ना? मग सांगा, घरपट्टी कनच्या वर्षापासून लावतील?”