शून्य टक्क्याचं व्याज

मार्चअखेर जवळ आली की गावच्या विकास सोसायटीचा सचिव एकाएकी गोड बोलू लागतो. एरवी सातबारा घेऊन गेलं तरी मान वर न करणारा हा गृहस्थ बांधावर येऊन म्हणतो, “अण्णा, तेवढं नवं-जुनं करून घ्या.”

शहरातल्या वाचकांसाठी: जुनं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं आणि एप्रिलमध्ये तेवढंच पुन्हा उचलायचं. मुदतीत भरलं की ३ लाखांपर्यंत व्याज शून्य टक्के. योजना चांगली आहे, खोटं कशाला बोला!

अडचण एवढीच की भरायचं कशातून? कांद्याची पट्टी आली ती खतवाल्याच्या उधारीत गेली. उरलं ते पोरीच्या लग्नात. मग रात्री जेवणं झाल्यावर एक बुलेट दारात येते. दोन लाख रोख, शेकडा तीन. दहा दिवसांत परत केले तरी व्याज महिन्याचं, कारण सावकारीत महिना मोडत नाही. म्हणजे शून्य टक्क्यासाठी सहा हजार रुपये व्याज. हा हिशेब सोसायटीच्या कोणत्याही रजिस्टरला बसत नाही, म्हणून अहवालात ‘वसुली शंभर टक्के’ छापून येतं आणि सभेत टाळ्या पडतात.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात रयतेनं सावकारांचे कर्जरोखे जाळले. सरकारनं १८७९ साली एक कायदा केला. तो पुरेना, म्हणून १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा केला. शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा हा हेतू. तो आता पुरता सफळ झाला आहे: शेतकरी सोसायटीचा सभासद आहे आणि सोसायटी सावकाराच्या भरवशावर आहे.

२०२२ मध्ये केंद्रानं देशातल्या ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. चांगलंच झालं. आता नवं-जुनं बटण दाबून होईल, बुलेटचं पेट्रोल तेवढं ज्याचं त्यानं बघावं.

सोसायटीच्या भिंतीवर सहकारमहर्षींच्या तसबिरी आहेत. त्या ओळीत या मार्चअखेरच्या तारणहाराचीही एक लावावी, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयात मांडणार आहे. अनुमोदनाची काळजी नाही. चेअरमनच देतील, बुलेट त्यांच्या मेव्हण्याची आहे.