सिंकराव

प्रत्येक ऑफिसात एखादे सिंकराव असतात. हुद्दा सिस्टिम ॲडमिनचा, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, आणि कुणी 'झालं' म्हटलं की विश्वास शून्य. आपण सहज म्हणावं, "फाइल सेव्ह केली हं." ते चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "केली म्हणजे कुठं केली?"

इथं गप्प बसावं. पण नवीन माणूस हमखास "सर्व्हरवर" म्हणतो आणि त्याचा चहा गार होतो. सेव्ह केलेलं आधी तुमच्याच मशीनच्या रॅममध्ये, चार-चार केबीच्या पानांवर बसतं. या पानांना सिंकराव 'डर्टी' म्हणतात आणि म्हणताना तुमच्याकडे बघतात. आपणहून घाई केली नाही तर लिनक्स ती पानं साधारण 30 सेकंद मुरू देतो. मग ती सर्व्हरकडे जातात. सर्व्हर 'मिळालं' म्हणतो, तेही बरेचदा रॅममध्येच मिळालेलं असतं. नंतर क्लायंटनं, म्हणजे तुमच्या मशीननं, कमिट मागायचं, तेव्हा कुठं डिस्कवर उतरायचं. मधेच सर्व्हर रीबूट झाला, तर उत्तरासोबतची खूण बदलते आणि क्लायंट राखून ठेवलेली पानं पुन्हा पाठवतो. ही रीत एनएफएसच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरू देणाऱ्या व्यवस्थेच्या, 1995 सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं आणली. दुसऱ्या आवृत्तीत डिस्कवर लिहिल्याशिवाय सर्व्हरनं उत्तरच द्यायचं नाही, असा नियम होता. सिंकरावांच्या मते जगाची घसरण तिथून सुरू झाली.

हेच गृहस्थ बँकेचा मेसेज आला तरी पासबुकात एंट्री छापून आणतात.

आमच्या अकाउंट्समध्ये दोघी एकाच शीटवर काम करायच्या. एकीनं आकडा बदलला, दुसरीला जुनाच दिसला. भांडण सिंकरावांपर्यंत गेलं. "तुम्ही बंद केलीत का? आणि यांनी त्यानंतर उघडली का?" एनएफएसचा करार तेवढाच: बंद करणाऱ्यानं सगळं सर्व्हरकडे पोचवायचं, उघडणाऱ्यानं सर्व्हरला विचारून घ्यायचं. उघडीच ठेवलीत, तर क्लायंट जुन्या माहितीवर 3 ते 60 सेकंद खुशाल विसंबतो. तेव्हापासून त्या खोलीत "बंद केली गं!" "उघडते गं!" असा गजर चालू असतो. भांडण मिटलं, आमची डोकेदुखी वाढली.

प्रोग्रामरांवर तर त्यांचा खास राग. "राइटनं हो म्हटलं आणि तू घरी गेलास? क्लोजचं उत्तर बघितलंस?" पोरगा हसतो. पण डिस्क भरल्याची बातमी राइटच्या वेळी येईलच असं नाही. ती पुष्कळदा एफसिंकला, म्हणजे 'आत्ताच पक्कं लिही' या हुकमाला, किंवा क्लोजला कळते, आणि क्लोजचं उत्तर कोण बघतो! इथं मी सिंकरावांच्या बाजूचा आहे.

अशा माणसानं मार्च अखेरीला काय करावं? सेव्हला वेळ लागतो म्हणून साहेबांचे फोन येऊ लागले. सिंकरावांनी एका संध्याकाळी, आजूबाजूला बघून, सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये 'असिंक' लिहिलं. म्हणजे आता क्लायंटनं कमिट मागितलं, तरी डिस्कवर उतरायच्या आधीच सर्व्हर बेधडक 'झालं' म्हणतो. वीज गेली तर देव जाणे. ओळीच्या वर त्यांनी टीप टाकली आहे, 'तात्पुरतं'.

साहेब खूश आहेत, ती ओळ अजून तशीच आहे. तुमच्याही ऑफिसात गेल्या मार्चपासून सर्व्हर अचानक चपळ झाला असेल, तर ती फाइल एकदा उघडून बघा.