रिवर्कला पाठवा!

भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कारखान्याच्या गेटवर जा. जनरल मॅनेजर कोण, असं विचारलंत तर वॉचमन रजिस्टर उघडेल. खडूस कोण, असं विचारलंत तर थेट शेडकडे बोट दाखवेल. इंग्रजीत असल्या माणसाला ‘ग्रंपी’ म्हणतात, पण तो शब्द फार गोंडस. तो मांजराला शोभतो. आपल्याकडे खडूसच चालतो, तोही माणूस ऐकण्याच्या अंतरावर नाही याची खात्री करून. समोर मात्र ‘सर’.

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे आकुर्डीत स्कूटर बनू लागल्या, टेल्को आली, आणि प्रत्येक कारखान्याने मालाबरोबर एकेक खडूसही तयार केला. हल्ली तो मोठ्या कंपनीतून निवृत्त होऊन महाळुंग्याच्या एखाद्या व्हेंडरकडे कंत्राटावर क्वालिटीत बसतो.

फर्स्ट शिफ्ट सुरू झाली, सेटिंग झालं, की ऑपरेटर फर्स्ट पीस घेऊन त्याच्या टेबलाशी येतो. हा वर बघत नाही. जॉब पुसतो, कडेवरून अंगठा फिरवतो, धातूचं कुसळ टोचतं आणि म्हणतो, “बर आहे.”

“सर, थोडीशीच आहे.”

“मग पगारही थोडासाच घे. रिवर्क.”

मग लाकडी पेटीतला मायक्रोमीटर निघतो. तो कुणाला हात लावू देत नाही. मुलाचं लग्न लावून दिलं त्याने, पण मायक्रोमीटर दिलेला नाही. रॅचेट तीनदा कटकट वाजेपर्यंत फिरवायचं, मग रीडिंग. दुसऱ्याची कटकट त्याला गोड वाटते ती एवढीच, असं त्याच्या घरच्यांचं मत आहे. दहा मायक्रॉन जास्त भरलं की ट्रेनीचं सगळं खानदान, त्याचं कॉलेज आणि त्याच्या हातातला मोबाइल, तिन्ही रिजेक्ट.

घरीही इन्स्पेक्शन चालूच. लग्नात गेला तर जिलबीचा व्यास सारखा नाही. सोसायटीची लिफ्ट मजल्याला बोटभर वर थांबते. 2020 मध्ये इलेक्ट्रिक चेतक बाजारात आली तेव्हा शेजाऱ्याने कौतुकाने दाखवायला आणली, तर याचा पहिला प्रश्न, “किक कुठंय?” जुन्या चेतकसाठी त्याने वर्षानुवर्षं नंबर लावला होता. थंडीत ती तिरकी केल्याशिवाय चालू होत नसे. हाही तसाच, आकुर्डीचाच माल.

गंमत अशी, की बऱ्याचदा त्याचं खरं असतं. पवना धरण भरलं तरी पिंपरी-चिंचवड शहराला 2019 च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंपनीची बस कंटेनरांच्या मागे उभी. बाकीच्यांनी हे सगळं अंगवळणी पाडून घेतलं. हा अजून रोज बसमध्ये नव्याने चिडतो, आणि मला वाटतं, गावात एवढा उत्साह निदान एकाकडे तरी शिल्लक असावा.

एचआरच्या नव्या पोरीने एकदा फीडबॅक फॉर्ममध्ये त्याच्या नावापुढे ‘स्वभाव : ग्रंपी’ असं लिहिलं. फॉर्म सहीला त्याच्याकडे गेला आणि लाल शाईत परत आला : फॉरमॅट नंबर नाही, रिव्हिजन नंबर नाही, तारीख नाही. मजकुराबद्दल तक्रार नव्हती.

कस्टमर ऑडिट आलं की मात्र मालक स्वतः त्याला खुर्ची ओढून देतात. समोरचा ऑडिटरही बहुधा कुठल्या तरी कंपनीचा जुना खडूसच असतो. दोघं तासभर एकमेकांकडे संशयाने बघतात, गेजेसच्या कॅलिब्रेशनच्या तारखा उकरतात, कँटीनच्या चहाला एकमुखाने नावं ठेवतात, आणि लाइन पास होते. संध्याकाळी मालक त्याचं कंत्राट आणखी एका वर्षाने वाढवतात. तो कागदही तो सहीआधी दोनदा तपासतो.