वीतभर बांधाची मीमांसा

बांध नेहमी शेजारीच कोरतो. दोन शेतांच्या हद्दीवर राखलेली मातीची उंच पट्टी म्हणजे बांध, आणि नांगरटीच्या वेळी फाळ थोडा आत घालून ती पट्टी वर्षागणिक बारीक करीत जाणे म्हणजे बांध कोरणे. या व्याख्येविषयी उभय पक्षांचे संपूर्ण एकमत असून मतभेद आहे तो केवळ कर्त्याविषयी. दोन्ही बाजूंच्या तक्रारी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर बांध दोन्हीकडून कोरला गेला आहे आणि तो कोणीही कोरलेला नाही, अशी दोन विधाने एकाच वेळी सिद्ध होतात. प्रस्तुत लेखक अशाच एका बांधाच्या पूर्व अंगाचा वारसदार असून पश्चिम अंग चुलतभावाच्या वाट्याचे आहे, त्यामुळे त्याचे निरीक्षण पश्चिमेकडील गुन्ह्यांपुरते सीमित राहिले आहे, ही या विवेचनाची मर्यादा अभ्यासकांनी लक्षात घ्यावी.

अशा वादांतील पक्षकारांचे दोन वर्ग पडतात : एक जमीन कसणाऱ्यांचा, आणि दुसरा शहरात राहून सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांचा. (सातबारा म्हणजे हक्कांची नोंद असलेला गाव नमुना सात आणि पिकांची नोंद असलेला गाव नमुना बारा, या दोहोंचा मिळून निघणारा उतारा.) दुसरा वर्ग अधिक कडवा असतो. प्रस्तुत लेखक याच वर्गातला असल्यामुळे शेतात या घडीला तूर उभी आहे की हरभरा, हे त्याला वाटेकऱ्याला फोन केल्यावाचून सांगता येत नाही. परंतु गट क्रमांक, पोटहिस्सा आणि चतुःसीमा, म्हणजे चारही दिशांना कोणाकोणाची जमीन लागते याची यादी, त्याला झोपेतून उठवले तरी बिनचूक म्हणता येते. शहरातल्या सदनिकेची सामाईक भिंत शेजाऱ्याने ड्रिल मशीनने पोखरली तरी जो गृहस्थ ‘असू द्या हो’ म्हणून दार लावून घेतो, त्याच्याच आवाजाला गावाकडील वीतभर मातीचा विषय निघताच आजोबांचा खर्ज प्राप्त होतो, आणि तो खर्ज आपल्याला शोभतो अशी त्याची समजूत आहे.

येथे मोजमापाविषयी थोडे विषयांतर आवश्यक आहे. आवश्यक नसले तरी प्रस्तुत लेखकाला ते अतिशय प्रिय आहे, आणि लग्नकार्यात त्याच्या शेजारच्या पाटावर बसायला आप्तेष्ट कचरतात त्याचे कारणही हेच असावे. मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे १६ आणे पाडलेले असत, म्हणजे जमिनीवरचा एक आणा भरे पावणेपंचवीस इंचांचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी मोजणी झाली आणि जिच्या धर्तीवर पुढे इलाखाभर जमाबंदी उभी राहिली, तिच्यात एका बैलजोडीला कसता येईल साधारण एवढ्या क्षेत्राचा एकेक सर्व्हे नंबर पाडून त्याच्या हद्दी खुणांनी पक्क्या केल्या जात.

आता शेजाऱ्याने दहा साखळ्या लांबीचा, म्हणजे ३३० फुटांचा बांध एक वीत, म्हणजे नऊ इंच कोरला असे धरले, तर हडपलेले क्षेत्र होते सुमारे २४८ चौरस फूट, म्हणजे पाव गुंठ्याहूनही कमी. रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड फूट अंतर राखण्याची शिफारस असते. तेव्हा वीतभर बांध कोरणाऱ्याच्या पदरात ज्वारीची एक ओळही पडत नाही, अर्धी पडते, आणि अर्धी ओळ पेरण्याची पाभर अद्याप निघालेली नाही. उसाची सरी चार फुटांची मानल्यास त्याला दरसाल एक वीत या गतीने पाच वर्षांहून अधिक काळ अखंड निष्ठेने कोरत राहावे लागेल, तेव्हा कुठे एक जादा सरी हाती येईल. एवढा संकल्प तर पंचवार्षिक योजनेतही बसला नसता. शिवाय जुने गावनकाशे पुष्कळदा मैलाला आठ इंच या प्रमाणावर काढलेले असत, आणि त्या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ प्रत्यक्ष जमिनीवर तेरा फूट रुंद होते, म्हणजे ज्या वीतभर पट्टीसाठी नकाशा नाचवला जातो तशा सतरा पट्ट्या त्या रेघेखालीच मावतात. खरी हद्द या नकाशावरून ठरत नाही, ती मूळ टिपणावरून, म्हणजे साखळी-आण्यांत मापे लिहिलेल्या मोजणीच्या आराखड्यावरून ठरते, हे प्रस्तुत लेखकाला ठाऊक आहे; मात्र हा तपशील सांगितल्यास पंगतीतला परिणाम उणावतो, म्हणून तो सहसा गाळला जातो.

उपायांचा क्रम सर्वज्ञात आहे. हद्द कायम मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात जातो, शुल्क भरले जाते, लगतच्या खातेदारांना नोटिसा निघतात, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि यथावकाश ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हाती पडते. साधी, तातडीची आणि अतितातडीची असे मोजणीचे प्रकार दीर्घकाळ प्रचलित होते, आणि वीस-वीस वर्षे एकमेकांशी अबोला धरलेले भाऊ आवर्जून अतितातडीचे शुल्क भरीत. निकाल पसंत न पडल्यास वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, तीही न रुचल्यास सुपर निमताना, आणि त्यापलीकडे दिवाणी न्यायालय. उपग्रहांच्या आधारे जागा हेरणारे रोव्हर यंत्र आल्यावर हा संशयकल्लोळ थांबेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात भावकीने उपग्रहच फितवल्याची शंका तेवढी नव्याने जन्माला आली. पूर्वजांची रीत याहून स्वस्त होती, ती म्हणजे हद्दीच्या धोंड्याला शेंदूर फासून त्याचा म्हसोबा करण्याची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४५ सीमाचिन्हांची नासधूस करणाऱ्यास दंड सांगते खरे, परंतु रात्रीतून धोंडा सरकवणारा मनुष्य कलमापेक्षा म्हसोबाला अधिक वचकून असतो.

शासनाने २०२३ मध्ये सलोखा योजना आणली, तिचाही येथे उल्लेख केला पाहिजे. एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षे असेल, तर अदलाबदलीचा दस्त एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी शुल्क भरून करता येतो, असे तिचे स्वरूप आहे. योजना शहाणपणाची आहे, आणि तिची अडचणही तीच आहे. ज्या वैरावर दोन पिढ्यांनी वकिलांची घरे बांधून दिली, ते दोन हजारांत मिटते हे ऐकून मानी माणसाला मेल्याहून मेल्यासारखे होते.

या सगळ्या हिशेबात खुद्द बांधाचा विचार कोणी करीत नाही. उताराच्या रानात माती आणि पाणी अडवणे हे त्याचे मूळ काम; दोन्ही अंगांनी कोरून तो हातभर उरला की पहिल्या दांडग्या पावसात फुटतो, आणि वादी व प्रतिवादी या दोघांचीही वरची कसदार माती ओढ्याला मिळते. बांधावर बोर, बाभूळ आणि मारवेलाचे गवत असते. ज्यांच्या नावावर सबंध तालुक्यात गुंठाभर जमीन नाही अशा बायका दोन शेळ्यांपुरते ते गवत कापून नेतात, आणि त्याबद्दल पूर्वी कोणी कोणाला काही विचारीत नसे. संहितेचे कलम १४३ शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी हद्दीवरून रस्ता मिळवून देते. गवत कापणारीला मात्र कोणतेच कलम लागू होत नाही, मोजणीची नोटीस तिला येत नाही, पंचनाम्यावर तिचा अंगठा नसतो, आणि चतुःसीमा कितीही बिनचूक म्हटली तरी चारांपैकी एकाही दिशेला तिचे नाव येत नाही. बांध बारीक झाल्याचे पहिल्यांदा कळते ते तिला, कारण भारा लहान होतो. शहरातल्या सदनिकेवर समाधान मानणाऱ्या वारसाने नऊ इंचांसाठी गावी येऊन आवाज चढवावा आणि त्या आवाजाने बिचकून तिने विळा आवरता घ्यावा, यात हसण्यासारखे फार काही नाही.

प्रस्तुत लेखकाच्या बांधाची मोजणी अखेर झाली. बांध बहुतांशी जागच्या जागी निघाला, ही गोष्ट उभय पक्षांना सारखीच झोंबली. परंतु उत्तरेची पाणंद, म्हणजे सरकारी नकाशातील गाडीवाट, दोन्ही शेतांनी मिळून निम्मीअधिक खाल्ल्याचे त्याच मोजणीत उघड झाले. त्या दिवशी चुलतभावाने कित्येक दिवाळ्यांनंतर ‘दादा, चहा टाकलाय’ अशी हाक मारली, वहिनींनी आग्रहाने पोहे पुढे केले, आणि पाणंदीची मोजणी मुळातच सदोष असल्याचा संयुक्त अर्ज करण्याचे ठरले. मसुदा अर्थातच प्रस्तुत लेखकाने केला, कारण ‘सबब’ आणि ‘तदनुषंगिक’ हे शब्द योग्य जागी योजणारा दुसरा पुरुष भावकीत नाही. पहिली सही कोणाची, हा प्रश्न तेवढा उरला; लेखक वयाने थोरला, तर चुलतभाऊ थोरल्या पातीचा. अखेर दोन्ही सह्या एकाच ओळीत घ्याव्यात असे ठरून कागदाला मधोमध घडी घालण्यात आली आणि हद्द कायम झाली. प्रस्तुत लेखकाच्या बारीक निरीक्षणानुसार, चुलतभावाच्या सहीची शेवटची दोन अक्षरे घडीच्या अलीकडे आली आहेत.