निळं चित्र लावलं, काम झालं

भाईंदर पूर्वेतल्या स्टीलच्या गाळेवाल्यांपासून क्लासवाल्यांपर्यंत सगळ्यांनाच आता वेबसाइट लागते. ती बनवणारा कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं निळं चित्रही लावून देतो. दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात. अंध गिऱ्हाइकाला रंगांचं काय करायचंय? पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए त्याच्याकडे आधीच असतं, तेही फुकट. त्याला हवं असतं बटणाला नाव.

मग वेबसाइट अंधांना वापरता येते का, हे यंत्र तपासायला बसतं. चित्राला वर्णन आहे? आहे: 'आयएमजी २०४७'. पास! चित्रात डबा आहे की पातेलं, हे यंत्राच्या अभ्यासक्रमाबाहेरचं. नवघर रोडवर राहणारा एखादा अंध माणूस मिनिटभरात चूक सांगेल, पण तो मेहनताना मागेल. (मागावाच.)

'कुठलीही वेबसाइट नियमांत बसवून देतो' म्हणणाऱ्या 'अ‍ॅक्सेसिबी' या असली चित्रं विकणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२५मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे ॲसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या बाईंनी केवायसीच्या कॅमेऱ्यापुढे पापणी मिचकावायची कशी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात न्यावा लागला. ३० एप्रिल २०२५च्या निकालानं डिजिटल सुविधा थेट जगण्याच्या हक्कात, अनुच्छेद २१मध्ये बसवली, आणि चाचणीत दृष्टिहीनांना सामील करून घेण्याचंही सुचवलं.

शेठ म्हणतात, 'अडचण आली तर फोन करा ना!' नंबर वेबसाइटवर आहे. चित्रात.