पुसलासा का?

ज्यांनी छापखान्यात एक तरी लग्नसराई काढली आहे, त्यांना वस्ताद ठाऊक आहेत. तुमच्या गावात त्यांना मामा किंवा मिस्त्री म्हणत असतील. आमच्या कोल्हापुरात लाल मातीत पोरं घोळवणारा आणि मशीनचे नट ढिले करणारा, दोघंही वस्तादच. ओळखायची खूण एकच: शर्टाचं डावं टोक कायमचं काळं. कारण जगातली प्रत्येक बिघडलेली वस्तू ते त्या टोकानं आधी पुसतात आणि मग विचारतात, "पुसलासा का?"

शनिवारची संध्याकाळ, दोन हजार लग्नपत्रिका मशीनवर, नवरीचा बाप समोरच्या खुर्चीत. मशीन थांबली. लाल दिवा आणि 'पेपर जाम'. आम्ही गार्ड उघडलं. फीडर, सकर, ग्रिपर, डिलिव्हरी, सगळीकडं बॅटरी मारून पाहिलं. अडकलेला कागद सोडाच, कपटासुद्धा नाही. गार्ड लावलं, बटण दाबलं, चार कागद गेले, पुन्हा 'पेपर जाम'. नवरीच्या बापानं घड्याळाकडं बघून सुस्कारा सोडला. वस्तादांना फोन गेला.

ते आले, चहाचा ग्लास पुसला, चहा प्याले, आणि म्हणाले, "कागुद कुठाय?"

"नाही."

"मग मशीनला कुठं दिसला? डोळा पुसलासा का?"

डोळा म्हणजे डिलिव्हरीजवळचा सेन्सर. तो उजेड टाकतो. खालून कागद गेला की उजेड आदळून परत येतो, कागद सरला की यायचा थांबतो. थांबला नाही, तर मशीन समजते की कागद अडकला. छापलेल्या कागदाची ओली शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागू नये म्हणून आपण पावडर फवारतो. पिठासारखी असते, बरीचशी स्टार्चचीच. ती त्या डोळ्यावर बसते, उजेड तिच्यावरच आपटून माघारी येतो, आणि बिचाऱ्या मशीनला रिकाम्या जागी कागद दिसतो. वस्तादांनी शर्टाचं टोक फिरवलं, मशीन सुरू झाली. जाताना त्यांनी एक पत्रिका उजेडात धरली आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "निळा कमी पडतोय. वाढवा." आम्ही नेहमीप्रमाणं मान डोलावली आणि नेहमीप्रमाणं शाईला हात लावला नाही.

खरं तर आपल्या ऑफसेट छपाईचा जन्मच न आलेल्या कागदातून झाला. 1904 साली अमेरिकेत न्यूजर्सीला आयरा रूबेल नावाच्या छापखानेवाल्याच्या मशीनवर एक कागद चुकला आणि छाप खालच्या रबरावर उमटला. तो पुढच्या कागदाच्या पाठीला लागला, तर थेट छापलेल्या बाजूपेक्षा पाठच सुबक निघाली. हे मी वस्तादांना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, "बघा की! त्येच्या मशीनला सेन्सर असता तर ती तितंच थांबली असती, आन् आपुन अजून खिळंच जुळवत बसलो असतो."

आता हे पुसणं मशीनपाशी थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. मिसळ खाताना ते शेजारच्या अनोळखी माणसाचा चष्मा मागून घेऊन पुसतात. लग्नात व्हिडिओवाल्याची लेन्स त्यांनी ऐन मंगलाष्टकांत पुसली, त्यामुळं त्या जोडप्याच्या अक्षता म्हणजे अर्धा मिनिट नुसता चौकटीचा शर्ट आहे. एकदा बँकेत एक निवृत्त गुरुजी हयातीच्या दाखल्यासाठी उभे होते. अंगठा जुळेना. गुरुजी समोर उभे, आणि यंत्र म्हणतंय हे गुरुजी नव्हेत. "पुसलासा का?" करत वस्ताद रांग मोडून घुसले. आधी काच पुसली, मग गुरुजींचा अंगठा. दोन मिनिटांत गुरुजी जिवंत झाले.

पुसून हरले ते एकदाच. एका नोव्हेंबरात मशीन रोज संध्याकाळी ठराविक वेळी थांबायची. वस्तादांनी डोळा पुसला, वायरी पुसल्या, गणपतीची तसबीर पुसली. काही नाही. मग स्टूल टाकून दोन संध्याकाळी नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ओरडले, "मालक, किरणोत्सव!" आमची खिडकी पश्चिमेची. अंबाबाईच्या देवळात 9 ते 11 नोव्हेंबरला मावळतीची किरणं पायांपासून मुखापर्यंत चढतात, तशी इथं ती थेट सेन्सरच्या डोळ्यात चढत होती. वस्तादांनी एका जुन्या पत्रिकेचा पुठ्ठा आडवा चिकटवला आणि उत्सव संपला.

निवडणुकीच्या गर्दीत आमच्या भाच्यानं मात्र वेगळाच इलाज केला. सारखं कोण पुसणार, म्हणून सेन्सरला जम्पर मारला, म्हणजे वायर जोडून तो बादच केला. मशीन दोन तास मुकाट धावली. मग एक कागद खरोखर अडकला, त्याच्यावर पाठचे जाऊन बसले आणि गोळ्यानं ब्लँकेट चेपलं. वस्ताद आले. त्या दिवशी त्यांनी काहीच पुसलं नाही. "उगं भुंकतंय म्हणून कुत्रं मारलंसा," ते म्हणाले. "आता चोर आल्यावर भुंकणार कोण, तुम्ही?"

हे मला पटलं 2019 च्या ऑगस्टात. नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराचा 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे आकडे दर पावसाळ्यात ऐकून व्हीनस कॉर्नरच्या आम्हा दुकानदारांच्या डोक्यातच जम्पर बसला होता. भर पावसात वस्ताद टेम्पो घेऊन दारात. "मालक, हा डोळा पुसलेला हाय. उचला." मोटर, पॅनेल, कागदाची रिमं वर गेली. नदी 55 फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर ते जुन्या बनियनांचं गाठोडं घेऊन आले आणि कितीतरी दिवस एकेक रोलर, एकेक ग्रिपर पुसत बसले. पैशांचं विचारलं, तर माझा चष्मा काढून घेऊन पुसायला लागले.

गेल्या वर्षी त्यांना सगळंच धुरकट दिसू लागलं. सहा महिने ते चष्मा पुसत राहिले. मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांना म्हणाले, "नुसतं पुसून होत न्हाई का?"

एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर महिन्याभरानं ते छापखान्यात आले. मशीनवर कॅलेंडर होतं, रंकाळ्याचं. त्यांनी एक कागद उचलला, एक डोळा झाकून बघितला, मग दुसरा. पुन्हा पहिला. बराच वेळ.

"निळा," ते हळूच म्हणाले, "पैल्यापासनं असाच हाय?"

"छे, वस्ताद. तुम्ही सांगितल्यावर वाढवला."

त्यांनी नव्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. "खोटा एरर देताय, मालक," म्हणाले, आणि सवयीनं चष्मा काढायला हात वर नेला. चष्मा नव्हता. शर्टाचं टोक तसंच हातात राहिलं.