कमरेला चव्वेचाळीस

बेल्टकाकांचं खरं नाव आमच्या गल्लीतल्या एकाही मराठी घरात कुणी घेत नाही. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला शुगर लँडमध्ये आमच्यासारखी देशी कुटुंबं पुष्कळ, आणि त्यांच्या मधोमध हे सहाफुटी, निवृत्त, अस्सल टेक्सन गृहस्थ. अंगात बारा महिने फुलाफुलांचा ढगळ शर्ट, कधीच न खोचलेला. कमरेला दुहेरी शिवणीचा पाव इंच जाड पट्टा. आणि शर्टाखाली उजव्या बाजूला एक टेंगूळ. हे टेंगूळ जगात कुणालाही दिसत नाही, अशी काकांची प्रामाणिक समजूत आहे. ती दृढ करावी म्हणून ते दर पाच मिनिटांनी कोपराने चाचपून बघतात. त्यामुळे ज्याला दिसलं नसेल त्यालाही दिसतं.

टेंगूळ म्हणजे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९, .४४ मॅग्नम. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवुडच्या हातात होतं ते. नळी साडेसहा इंच, एकूण लांबी जवळजवळ फूटभर, वजन रिकामं असतानाच सव्वा किलोच्या वर. सहा गोळ्यांचं ते गोल सिलिंडर तब्बल पावणेदोन इंच जाड. लपवून बाळगायला याहून अडचणीची वस्तू शोधायची म्हटली तर तोफेकडे वळावं लागेल. पण मिसरूड फुटायच्या वयात काकांनी तो सिनेमा पाहिला, आणि त्या वयात जडलेलं काही सुटत नाही. त्यामुळे रिव्हॉल्व्हर निर्दोष. गेली कित्येक वर्षं दोषी ठरतंय ते होल्स्टर.

या दोषींचा तुरुंग काकांच्या गॅरेजमध्ये आहे. प्लास्टिकचा भलामोठा खोका; झाकण उघडलं की थेट कोल्हापुरी चपलांच्या दुकानात शिरल्यासारखा वास येतो. काका एकेक काढून दाखवतात आणि प्रत्येकाचा गुन्हा सांगतात.

पहिलं अर्थातच हॅरीसारखं, काखेत लटकवायचं. ते झाकायला वरून कोट लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गार हवेत हॅरीला कोट शोभला. ह्यूस्टनचा ऑगस्ट म्हणजे अडतीस अंश आणि वर समुद्राची दमट हवा. साऱ्या बाजारात कोट घातलेला इसम एकटाच, आणि तोही घामाने निथळणारा. लोक बघणारच.

मग आलं ‘पॅनकेक’. चामड्याचे दोन चपटे तुकडे, मध्ये रिव्हॉल्व्हर, दोन्ही कडांच्या खाचांतून पट्टा ओवायचा. म्हणजे ते अंगाला घट्ट बिलगतं. बिलगलंही. कातडं नवं असल्यामुळे ताठ होतं, तेव्हा काकांनी रीतसर रिकामं रिव्हॉल्व्हर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर त्यात कोंबून ठेवलं आणि त्याला आकार दिला. आरशासमोर पुढून, मागून, बाजूने पाहून घेतलं. सगळं जमलं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात वरच्या फळीवरची कॉफी काढायला हात उंचावला, शर्ट वर गेला आणि नळीचं टोक खालून डोकावलं. शिवाय गाडीत बसलं की सीट खालून ढकलते आणि मूठ थेट बरगडीत घुसते. काकांनी काही दिवस सरळ उभ्याने होणारी कामंच तेवढी केली.

कायडेक्स नावाच्या टणक प्लास्टिकचंही एक झालं. त्यात रिव्हॉल्व्हर बसताना ‘खट्’ असा आवाज होतो, तो काकांना फार आवडला. पण चर्चमध्ये गुडघे टेकताना ते कुरकुरायचं, म्हणून खोक्यात गेलं. छातीवर बांधायचंही एक आहे. अलास्कात मासे धरायला जाणारे लोक अस्वलांच्या भीतीने तसलं वापरतात. शुगर लँडमध्ये अस्वल नाही. ‘म्हणूनच ते सेलमध्ये मिळालं,’ असं काका म्हणतात.

आता गंमत अशी, की हा सगळा छळ कायद्याने त्यांच्यावर लादलेला नाही. शस्त्र लपवून बाळगण्याचा परवाना देणाऱ्या कायद्यावर टेक्ससमध्ये १९९५ साली गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी सही केली आणि तो १९९६ च्या जानेवारीपासून लागू झाला. तेव्हा लपवणं भागच होतं. २०१६ पासून परवानाधारकाला कमरेला उघडं लावून फिरायची मोकळीक मिळाली. २०२१ च्या सप्टेंबरपासून तर एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याचीही गरज उरली नाही. मी एकदा म्हटलं, ‘काका, मग लावा की उघडं!’ ते दुखावले. उघडं मिरवणं हे त्यांच्या मते दिखाऊपणाचं लक्षण. सभ्य माणूस गाजावाजा करत नाही, असं त्यांनी मला बजावलं. पोस्टमनला आणि पलीकडच्या गुप्ता भाभींनाही बजावून झालं होतं.

काका नियमांचे मात्र पक्के. इथे ज्या दुकानाला लपवलेलं शस्त्र आत नको असेल, त्याने दारावर ‘३०.०६’ कलमाची पाटी लावायची असते. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, आणि अक्षरं किमान एक इंच उंच. (.३०-०६ हे एका प्रसिद्ध रायफलच्या काडतुसाचंही नाव आहे. हा योगायोग काकांनी मला जितक्या वेळा सांगितलाय, तितक्या वेळा मी त्यावर हसलोय.) काका पाटीसमोर थांबून अक्षरांची उंची डोळ्यांनी मोजतात, पसंतीची मान हलवतात आणि ऐवज गाडीत कुलूपबंद करायला परत फिरतात.

आमच्याकडे गणपतीला यायचं तेव्हाही त्यांनी आधी फोन करून ‘बरोबर आणू का?’ विचारलं. मी नको म्हटलं. त्या दिवसांत पँटच्या आतून खोचायचं होल्स्टर चालू होतं, आणि फूटभर ऐवज आत मावावा म्हणून काकांनी सगळ्या पँटी कमरेला दोन इंच मोठ्या घेतल्या होत्या. होल्स्टर पट्ट्याला अडकवलेलं. त्यामुळे रिव्हॉल्व्हर तिजोरीत ठेवताना पट्टाही त्याच्याबरोबर गेला. ‘सुखकर्ता’ सुरू झाली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि काका उजव्या हाताने कंबर गच्च धरून डाव्या हाताने मांडीवर ताल देत होते. प्रसादाला सतरंजीवर बसताना तर त्यांचा चेहरा बघवेना.

साताऱ्याहून आलेली माझी आई हे सगळं टिपत होती. ‘कंबर धरलीय गं बिचाऱ्याची,’ ती बायकोला म्हणाली आणि आत जाऊन निर्गुडीच्या तेलाची बाटली घेऊन आली. काकांनी दोन्ही हातांनी नव्हे, पण मनापासून ती स्वीकारली. बूच काढून वास घेतला, आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘हे चामड्याला चालतं का?’

त्यांच्या पत्नीचा मला इतकी वर्षं संशयही आला नव्हता. परवा गॅरेजमध्ये काका मला नव्या होल्स्टरचा तिरपा कोन समजावत होते. कोन पंधरा अंशांचा हवा की दहाचा, यावर त्यांचं अजून ठरत नव्हतं. तेवढ्यात काकू गाडीच्या किल्ल्या शोधत आल्या. पर्समधून त्यांनी टेबलावर एकेक वस्तू काढली: चष्मा, रुमाल, किराणा दुकानाची कुपनं, आणि चामड्याच्या छोट्याशा खोळीतलं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, जेमतेम चारशे ग्रॅमचं. किल्ल्या सापडल्या तसं सगळं परत आत गेलं. परवाना त्यांनी १९९६ सालीच काढलाय.

‘ते खेळणं आहे,’ काका म्हणाले.

काकूंकडे होल्स्टर एकच आहे. अजून बदलावं लागलेलं नाही.